लेकरानं धसका घेतलाय

२०२२ चा सप्टेंबर. निलंगा तालुक्यातल्या हासोरी गावात रात्री जमिनीतून आवाज येऊ लागले. कधी लांब कुठे सुरुंग उडवल्यासारखा, कधी पोटात गुडगुडल्यासारखा. मागोमाग भांडी थरथरायची, पत्रा वाजायचा. तज्ज्ञांची पथकं आली, यंत्रं बसली आणि भूकंपमापकांवर सौम्य धक्क्यांच्या नोंदी झाल्या. इमारत पडावी इतके मोठे ते नव्हते. तरीही अनेक कुटुंबांनी रात्री घराबाहेर काढायला सुरुवात केली. अंथरुणं अंगणात आली, मोकळ्या जागेत आली. पाऊस असला तरी माणसं छताखाली जायला तयार नव्हती.

या गावापासून किल्लारी फार लांब नाही, एवढं सांगितलं की मोठ्यांच्या भीतीचा उलगडा होतो. उलगडा करायचा राहतो तो लेकरांच्या भीतीचा. हासोरीच्या शाळेत तेव्हा जी लेकरं शिकत होती, त्यांचा जन्म किल्लारीच्या भूकंपानंतर पंधरा-वीस वर्षांनी झालेला. त्यांनी एकही घर पडताना पाहिलेलं नव्हतं. पण आवाज आला की आई ज्या झटक्यानं उठून बसायची आणि अंधारात पोरांची डोकी मोजायची, तो झटका त्यांनी पाहिला होता. १९९३ मध्ये सहा-सात वर्षांची असलेली लेकरं २०२२ मध्ये आईबाप झाली होती. घरं नवी होती, भीती मात्र जुनीच होती, आणि ती एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आपोआप आली होती.

आमच्याकडे याला एक शब्द आहे. लेकरू जेवेनासं झालं, झोपेत दचकू लागलं, आईचा पदर सोडेना की आजी म्हणते, ‘लेकरानं धसका घेतलाय.’ मानसिक आरोग्य हा शब्द सरकारी पत्रकातून निलंग्याला पोचला त्याच्या कितीतरी आधीपासून हा शब्द इथल्या चुलीपाशी आहे. त्याची व्याकरणातली जागाही बघण्यासारखी आहे. धसका लागत नाही, धसका घेतला जातो. लेकरानं काहीतरी आत घेतलेलं असतं, आणि ते बाहेर कसं काढायचं हे त्याला ठाऊक नसतं.

विसर्जनाची रात्र

२९ सप्टेंबर १९९३ ची रात्र गणेश विसर्जनाची होती. मिरवणुकीत नाचून दमलेली पोरं उशिरा झोपली. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. औसा आणि उमरगा तालुक्यांत सर्वाधिक हानी झाली, निलंगा तालुक्यालाही झळ बसली. भूकंपाच्या तीव्रतेपेक्षा घात केला तो घरांनी. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचा जाड थर दिलेलं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं हे घर त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळलं.

ही आपत्ती पूर्वसूचनेशिवाय आली नव्हती. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारी परिसरात लहान धक्के बसत होते, ऑक्टोबरमध्ये त्यांचा जोर वाढला होता. लोक घाबरले, काही दिवस बाहेर झोपले, आणि मग सवय झाली. त्यामुळे नंतरच्या काळात वाचलेल्यांच्या मनात भीतीच्या जोडीला अपराधाची टोचणीही राहिली. ‘आपण बाहेर झोपलो असतो तर’ हे वाक्य कितीतरी घरांत वर्षानुवर्षं घुमत राहिलं. ते लेकरांनीही ऐकलं.

त्यानंतर इथे जे बांधकाम झालं ते मोठं होतं. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला, ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुती झाली. गवंड्यांना भिंतीत सलग काँक्रीटचा पट्टा घालायला शिकवलं गेलं. नव्या गावांना रुंद सरळ रस्ते मिळाले, आखलेले प्लॉट मिळाले. पण जुन्या गावात एका बोळातून आजीच्या घरी, दुसऱ्या बोळातून मित्राच्या ओसरीवर जाता यायचं. ते बोळ नकाशावरून गेले. लेकरू रडलं तर तीन घरांना ऐकू जावं ही जी सोय होती, ती आराखड्यात कुणी मोजलीच नव्हती.

भूकंपानंतर महिनाभरात या भागात आलेल्या मानसोपचारतज्ज्ञांनी वाचलेल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचा प्राथमिक अहवाल १९९६ मध्ये एका अमेरिकी मानसोपचार नियतकालिकात छापून आला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत निदान करावं असा मानसिक आजार त्यांना आढळला, प्रामुख्यानं आघातानंतरचा तणाव आणि नैराश्य. या भूकंपाच्या मनावरील परिणामांचा अभ्यास पुढेही झाला आणि त्यात पुण्याच्या मानसिक आरोग्य संस्थेचा आणि डॉ. मोहन आगाशे यांचा मोठा वाटा होता. नाटक-सिनेमातून महाराष्ट्राला ठाऊक असलेला हा माणूस मानसोपचारतज्ज्ञही आहे.

वाघोली आणि हराळी

आईबाप गेलेल्या, घर गेलेल्या लेकरांचं काय करायचं, या प्रश्नाला त्या वेळी दोन उत्तरं मिळाली.

पहिलं उत्तर भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथा यांचं. भूकंपग्रस्त भागातली १२०० मुलं त्यांनी शिक्षणासाठी पुण्याला नेली. पुढे पुण्याजवळ वाघोलीला त्यांच्यासाठी शैक्षणिक पुनर्वसन संकुल उभं राहिलं. मुलं तिथेच राहिली, शिकली, नोकरी-व्यवसायाला लागली. नंतर त्याच संकुलात मेळघाटातली आदिवासी मुलं आली, आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतली मुलं आली. म्हणजे एका आपत्तीसाठी उघडलेलं दार दुसऱ्या आपत्त्यांसाठी उघडंच राहिलं.

दुसरं उत्तर ज्ञान प्रबोधिनीचं. पुण्याच्या या संस्थेनं मुलांना बाहेर नेण्याऐवजी स्वतःच इकडे येऊन राहायचं ठरवलं आणि लोहारा तालुक्यातल्या हराळीला निवासी शाळा सुरू केली. कार्यकर्ते पुण्याहून आले आणि इथलेच झाले. शाळेभोवती शेती आली, झाडं आली.

या दोन उत्तरांत बरोबर कोणतं, असा वाद घालण्यात अर्थ नाही. पण लेकराच्या मनाच्या अंगानं पाहिलं तर दोन्हींचा लाभ आणि दोन्हींची किंमत वेगळी आहे. ढिगाऱ्यापासून दूर गेलेल्या मुलाला रोज ती पडकी भिंत बघावी लागत नाही. वेळेवर घंटा, वेळेवर ताट, सोबत आपल्यासारखंच गमावलेली शंभर पोरं. या सगळ्याचा आधार असतो. पण आपली बोली, आपलं शिवार, उरलेली आजी मागे राहते. जवळ राहिलेल्या मुलाला आजी मिळते, आणि रोज संध्याकाळी तिचं रडणंही मिळतं. दोन्ही ठिकाणी सारखी असलेली गोष्ट एकच होती. तेच मोठं माणूस रोज, वर्षानुवर्षं समोर होतं. आपत्तीनंतर लेकराला आठवडाभर खाऊ आणि फुगे वाटून जाणारे पाहुणे पुष्कळ मिळतात. कमी पडतात ती सहाव्या महिन्यात, तिसऱ्या वर्षी तिथेच असलेली माणसं.

पोटात दुखतंय

धसका घेतलेलं लेकरू ‘मला चिंता वाटते’ असं म्हणत नाही. ते म्हणतं, ‘पोटात दुखायलंय.’ सोमवारी सकाळी, शाळेची वेळ झाली की. दुपारपर्यंत दुखणं थांबतं. घरचे म्हणतात, नाटक करतंय. पण ते दुखणं खरं असतं. भीतीनं आतड्यांची हालचाल बदलते, छाती धडधडते, डोकं जड होतं. मोठ्या माणसाला ‘पोटात गोळा आला’ असं म्हणण्याची मुभा आपली भाषा देते. लेकरू तेच शब्दशः सांगत असतं.

वयाप्रमाणे खुणा बदलतात. गादीत लघवी करणं सुटलेलं सहा वर्षांचं पोर पुन्हा गादी ओली करू लागतं. आठ-दहा वर्षांची मुलं खेळातून बोलतात. धक्का बसलेल्या गावातली पोरं मातीची घरं रचून ‘भूकंप-भूकंप’ खेळू लागली तर मोठी माणसं ओरडतात, ‘अभद्र खेळू नका.’ खरं तर अनेकदा तो त्यांचा औषधाचाच डोस असतो. त्या खेळात घर कधी पाडायचं आणि परत कधी बांधायचं हे त्यांच्या हातात असतं. खेळ रोज तसाच घर पाडण्यापाशी थांबत असेल, त्यात कुणीच वाचत नसेल, तर मात्र जवळ बसायला हवं. तेरा-चौदाच्या पुढे खुणा फसव्या होतात. मुलगा चिडका होतो, मुलगी घुमी होते, मोबाइल रात्रभर चालू राहतो, आवडीचा खेळ सुटतो. याला आपण ‘वय आलंय’ म्हणून सोडून देतो. बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकला आणि त्यामुळे खाणं, झोप, शाळा बिघडली तर तो वयाचा भाग नाही, एवढी खूणगाठ बांधून ठेवावी.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, दहा ते एकोणीस वयोगटातल्या दर सातांपैकी एकाला मानसिक आरोग्याची समस्या असते. भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. निलंग्याच्या एखाद्या हायस्कुलात चाळीस पोरांचा वर्ग धरला, तर कमी आकडा घेऊनही त्या वर्गात अशी तीन लेकरं बसलेली असतात. बहुधा मागच्या बाकावर, आणि बहुधा ‘आळशी’ हे नाव घेऊन.

पहिला उपाय घरात होतो तो दृष्ट काढण्याचा. मीठ-मोहरी ओवाळली जाते, अंगारा लावला जातो. त्याला हसू नये. आजी लेकराला समोर बसवते, त्याच्या डोक्यावरून हात फिरवते, घर क्षणभर त्याच्याभोवती थांबतं. त्यातलं जे बरं वाटतं ते या थांबण्याचं असतं. घोटाळा होतो तो ‘बाहेरचं झालंय’ म्हणून पुढचे सहा महिने मांत्रिकाच्या दारात गेले की. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात मानसोपचारतज्ज्ञ बसू लागले आणि ‘दवा आणि दुवा’ एकाच आवारात मिळू लागली. अंगारा लावलेलं लेकरूही दवाखान्यात जाऊ शकतं, एवढंच त्यातून घ्यायचं.

दुसरा धक्का, दरवर्षीचा

मोठा भूकंप एकदाच झाला. लातूर जिल्ह्यातल्या लेकरांना दरवर्षी बसणारा धक्का वेगळा आहे. मे-जूनमध्ये निकाल लागतो तेव्हाचा.

लातूर पॅटर्नचा अभिमान असायलाच हवा. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांनी, प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या माणसांनी, मागास म्हणवल्या जाणाऱ्या मराठवाड्यातल्या पोरांना पुण्या-मुंबईच्या बरोबरीनं उभं केलं. सराव, पुन्हा सराव, सतत चाचण्या, शंका सुटेपर्यंत शिक्षक हजर. मूळ सूत्र इतकं साधं होतं. शेतकऱ्याच्या घरात पहिला डॉक्टर या सूत्रानं झाला. पण पुढे शिकवणीवर्गांची पेठ वाढली. निलंगा, औराद, देवणीहून पंधरा-सोळा वर्षांची पोरं लातूरला खोली करून राहू लागली. चौकाचौकांत फलक लागले. त्यावर गुण आणि हसरे चेहरे असतात. जे फलकावर नाहीत ते कुठे आहेत हे फलक सांगत नाही.

अशा पोराच्या पाठीवर दप्तराबरोबर एक हिशेबही असतो. शिकवणीची फी भरायला बापानं काय विकलं, कुणाचं उचललं, हे त्याला नेमकं ठाऊक असतं. घरी फोन केला की आई विचारते, ‘जेवलास का?’ आणि बाप विचारतो, ‘टेस्टचं काय?’ दोन्ही प्रश्न मायेचेच. पण पोराच्या कानात दुसराच घुमत राहतो. २०२२ मध्ये देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे झाली, आणि त्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. कोणतीही आत्महत्या एकाच कारणानं होत नाही, म्हणून निकालावर सगळं ढकलणं बरोबर नाही. पण ‘नापास झालो तरी या घरात माझं ताट तेच राहील’ याची खात्री असणं हा आधार आहे, आणि तो देणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं या बाबतीत पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत, शिकवणीवर्गातही, किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. गुणांवरून तुकड्या पाडू नयेत. सगळ्यांसमोर पाणउतारा करू नये. ज्याला आपण ‘पोरांना धाक हवाच’ म्हणत आलो त्यातल्या काही गोष्टी आता न्यायालयानं थेट बंद करायला सांगितल्या आहेत.

याखेरीज या भागात इतरही हादरे आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची लेकरं दिवाळीनंतर वर्गातून नाहीशी होतात, किंवा हंगामी वसतिगृहात, आजीपाशी मागे राहतात. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याचं देशभर कौतुक झालं. घागर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या पोरीची शाळा किती बुडाली, याची बातमी झाली नाही. २०२५ च्या सप्टेंबरात उलटं झालं, अतिवृष्टीनं मराठवाड्यातली शिवारं पाण्याखाली गेली. रात्री आईबाप कर्जाचं कुजबुजत बोलतात तेव्हा पोरं झोपलेली असतात असा आपला समज आहे.

गुरुजींच्या डोक्यावर आणखी एक टोपली?

मग हे सगळं बघायचं कुणी? सरकारचं ठरलेलं उत्तर आहे, शिक्षकानं. जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींकडे आधीच पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं, मतदारयादीचं काम, सर्वेक्षणं आहेत. त्यात समुपदेशनाची टोपली ठेवली की ती पडणारच.

बिहारच्या नालंदा जिल्ह्यात हेच तपासून पाहिलं गेलं. ७४ शाळांत झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. एका गटातल्या शाळांत मुलांच्या मनाचं काम शिक्षकांकडे सोपवलं होतं, दुसऱ्या गटात त्यासाठी प्रशिक्षण दिलेला वेगळा माणूस नेमला होता. तो डॉक्टर नव्हता, मानसशास्त्रज्ञही नव्हता. शाळेचं वातावरण, दादागिरी, नैराश्याच्या खुणा, या सगळ्यांत फरक पडला तो दुसऱ्या गटात. शिक्षकांच्या गटात म्हणावा असा फरक पडला नाही. कारण समजायला अवघड नाही. जो गुण देतो, छडी उगारू शकतो, त्याच्यासमोर पोर मन कसं मोकळं करणार? गुरुजींनी ओळखावं, ऐकायला दुसरं कुणीतरी असावं.

हे दुसरं माणूस फार शिकलेलंच हवं असं नाही. गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘संगाथ’ संस्थेनं साध्या, स्थानिक माणसांना शिकवून समुपदेशन करता येतं हे वर्षानुवर्षं दाखवलं. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ च्या सुमारास आज्यांना शिकवलं. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर आजी बसते, त्रासलेला माणूस शेजारी बसतो, बोलतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या बाकाचा गुण आला असं दिसलं. ते वाचताना मला आपल्या गावांतले पिंपळाचे पार आठवले. बाक आपल्याकडे आहे, आजीही आहे. तिला पुढचं पाऊल कोणतं, एवढं सांगायचं राहिलंय.

आणि पाऊल टाकायला रस्ता अगदीच नाही असं नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये राज्यानं चौदा जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात लातूर आहे. त्यात आशाताई घरोघर जाऊन ठरलेले प्रश्न विचारतात आणि उदास माणूस हेरून पुढे पाठवतात. त्याच भेटीत लेकरांविषयी चार प्रश्न विचारता येतील. झोपतं का? खातं का? शाळेत जातं का? पूर्वीसारखं खेळतं का? मानसोपचारासाठी निलंग्याहून लातूर गाठायचं तर सुमारे ५० किलोमीटर. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली की हे अंतर वाढतं. म्हणून १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लेकराला मारहाण, छळ असं काही असेल तर १०९८. लेकरू ‘मला जगायचंच नाही’ असं म्हणालं तर ते लक्ष वेधायला म्हणतंय असं समजू नये. ‘मरावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट एकटेपणा थोडा हलका होतो. त्याला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी.

अंगणातली रात्र

पुन्हा हासोरीच्या अंगणात जाऊ. आवाज झाला आहे, सगळे बाहेर आले आहेत. अशा वेळी लेकराला सांगण्याची आपली दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, ‘काही होत नाही, गप झोप.’ आईचा हात थरथरत असताना हे वाक्य लेकरू मानत नाही. त्याला एवढंच कळतं की इथे भीतीविषयी बोलायचं नसतं. दुसरं वाक्य मोठ्यांचं आपापसातलं, ‘त्या साली बी असंच व्हायलं होतं.’ लेकरू ते ऐकतं आणि उरलेली गोष्ट स्वतः रचतं. ती खऱ्या गोष्टीपेक्षा भयंकर असते.

या दोहोंच्या मधे आणखी एक वाक्य बसतं. त्याला पदवी लागत नाही, शासन निर्णय लागत नाही. ते म्हणणाऱ्याला मात्र स्वतःचा तीस वर्षांचा धसका कबूल करावा लागतो, म्हणून ते अवघड आहे. हे वाक्य असं: ‘भ्याव वाटायलंय का? मला बी वाटायलंय. म्हणून तर आपण बाहेर झोपलोय. ये हिकडं, माझ्याजवळ नीज.’